तेविसाव्या स्लाइडची खालची ओळ

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक भागवत काका मला बोलले, "तू नऊ वर्षं एकच काम करून राहिलीस, त्याच्यावर लिही." मी बोलली, "काका, असे लेख रिटायर झालेले लोक लिहितात. ज्यांच्या नावापुढे 'माजी' लागतं." काका बोलले, "मग तू आजी म्हणून लिही." तर वय एकोणतीस, आणि आजी. वाचा.

भंवरकुआंला कोचिंगवाल्या गल्लीत गोलू भियांचं, मतलब भैयांचं, दुकान आहे. बाहेर झेरॉक्स, फॉर्म भरणे, लॅमिनेशन. आत दोन कम्प्यूटर. डाव्यावर मी बसते आणि लोकांच्या प्रेझेंटेशनच्या स्लाइड सरळ करते. स्लाइड लोकच बनवून आणतात. माझ्याकडे त्या येतात आंघोळीला. आणि आंघोळीत माझी खासियत म्हणजे पाय. मतलब फुटर.

फुटर म्हणजे स्लाइडच्या पायाशी असते ती बारीक ओळ. डावीकडे तारीख, मधे कॉलेजचं किंवा कंपनीचं नाव, उजवीकडे नंबर. ती कोणी वाचत नाही. पण एका स्लाइडवर जरा वर आणि दुसरीवर जरा खाली असली, तर स्लाइड बदलताना ती उडी मारते. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी गडबड आहे, पण काय ते कळत नाही. माझे आजोबा महूला फौजेत होते. घरी दारातल्या चपलासुद्धा ते "दाहिने सज!" ओरडून लाइनीत लावायला लावायचे. मी फुटरला तेच ओरडते, त्यांच्याच आवाजात. सुरुवातीला गोलू भियांच्या हातातून चहा सांडायचा.

काम तसं सोपं आहे. सगळ्या स्लाइडच्या मागे एक आई-स्लाइड असते, तिला मास्टर म्हणतात. ओळीची जागा तिथे ठरवायची, मग फुटरच्या खिडकीत मजकूर लिहून 'अप्लाय टू ऑल' दाबायचं. चाळीस स्लाइड, एक बटण. पण लोक असं करतील तर मी काय खाणार? लोक प्रत्येक स्लाइडवर हाताने एक डबा काढतात आणि त्यात हाताने नाव लिहितात. हा हाताने काढलेला डबा मास्टरचं ऐकत नाही. त्याला एकेक स्लाइड उघडून हातानेच काढावं लागतं. एखादा राहिला, तर राहिलाच.

नऊ वर्षं ही ओळ वाचून वाचून माझा स्वभाव शक्की झाला आहे. वरचं सगळं लोक सजवतात, खोटं बोलतात, दुसऱ्याचं उचलतात. पायाकडे लक्ष जात नाही. चोर तोंड धुतो, पाय नाही धूत.

एक एमबीएचा मुलगा आला. शर्टाला कडक इस्त्री. "दीदी, पूरा प्रोजेक्ट खुद बनाया है, बस फुटर सेट कर दो." चौदाव्या स्लाइडच्या पायाशी पुण्याच्या एका कॉलेजचं नाव. मी त्याच्याच आवाजात विचारलं, "भैया, चौदह नंबर पे आप पूना घूम आए क्या?" तो लाल झाला. मग बोलला, "वहाँ से इंटर्नशिप की थी." मी बोलली, कॉलेजमधे?

दुसरे एक कोचिंगचे सर. जुन्या क्लासमधल्या दुसऱ्या सरांच्या नोट्स उचलून आणल्या होत्या, आणि पायाशी असलेलं नाव पांढरी पट्टी टाकून झाकलं होतं. पांढऱ्यावर पांढरं, कोणाला दिसणार? मी बोलली, "सर, झाकू नका, मी काढून देते." ते बोलले, "तुम नंबर डालो, ज्ञान मत दो." मी नंबर टाकले. दहा दिवसांनी सरांना शौक आला, त्यांनी बॅकग्राउंड गडद निळं केलं. आता क्लासमधे प्रत्येक स्लाइडच्या पायाला पांढरी पट्टी, जशी ऑपरेशननंतर लावतात. पोरांनी त्यांचं नाव पट्टीवाले सर पाडलं. अजून ते आमच्या दुकानासमोरून जाताना फोन कानाला लावूनच जातात. एकदा त्याच फोनची रिंग वाजली, कानाला लावलेला असताना.

सांगायचं काय, मी ज्याच्यावर शक केला तो तसाच निघाला. एकदाही चुकली नाही. तिथेच माझं डोकं फिरलं.

आता चौहानजींची गोष्ट. यात एका बाईची नोकरी माझ्या हातून जाता जाता राहिली. तिला विचारूनच लिहिते आहे, नावं तेवढी बदलली आहेत.

सकाळी साडेआठला मी शटर अर्धं वर केलं, तर त्याच्याखालून वाकून एक माणूस आत आला. पन्नाशीचा, डोक्यावर टोपी, दाढी दोन दिवसांची. बसायला सांगितलं तर बसला नाही, रस्त्याकडे बघत राहिला.

"फुटर का काम आप करती हैं?"

"नहीं जी, मैं तो हेडरवाली हूँ. फुटरवाली छुट्टी पे है."

हसला नाही. मला न हसणारा गिऱ्हाईक म्हणजे तिथेच अर्धा शक. पेनड्राइव्ह पुढे केली. मी बोलली, व्हॉट्सअॅपवर टाकून द्यायची ना. "नहीं." मेल? "नहीं." पावतीवर नाव काय लिहू? "चौहान लिख लो." लिख लो! मतलब दुसरं काही लिहिलं तरी चालेल.

फाइल उघडली. एकतीस स्लाइड. सांवेर रोडच्या एका कारखान्याच्या, जिथे पत्रा दाबून पंख्याचे पार्ट बनवतात. पत्रा दाबायची मशीन म्हणजे प्रेस. वरून वजन येतं, खाली पत्रा असतो, आणि पत्रा ठेवायला माणसाचा हात आत जातो. हात आत असताना वजन खाली येऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असते. या कारखान्यात जाळ्या काढून ठेवल्या होत्या, कारण जाळी उघडझाप करण्यात वेळ जातो आणि माल कमी निघतो. कुठल्या प्रेसची जाळी कुठे पडली आहे, ते फोटोसकट, साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. स्लाइड कच्च्या होत्या, पण लिहिणाऱ्याने रोज बघून लिहिलं होतं हे कळत होतं.

आणि प्रत्येक स्लाइडच्या पायाशी, हाताने काढलेल्या डब्यात, कुठे वर कुठे खाली: रेखा सोनवणे, ऑपरेटर. पुढे मोबाइल नंबर.

"ये नाम हर जगह से हटा दो," चौहानजी बोलले. "कंपनी का नाम और स्लाइड नंबर, बस. सब एक जैसा."

"रेखाजी कौन हैं?"

"आप फुटर कीजिए."

मी करायला लागली. ते मागे उभे. मधेच बोलले, "फाइल के अंदर भी बनानेवाले का नाम रहता है न? वो भी निकाल दो." हे नॉर्मल गिऱ्हाइकाला माहीत नसतं. मग बोलले, "हो जाए तो मेरे सामने डिलीट करना. डस्टबिन में से भी."

आता सांगा. टोपी, पेनड्राइव्ह, लिख लो, डस्टबिनमधूनसुद्धा. मला आणखी काय पाहिजे होतं? माझ्या डोक्यात त्यांचा आवाज सुरू झाला: "सर, ये पूरी स्टडी मैंने, यानी चौहान ने, रात-दिन एक करके..." एका ऑपरेटर बाईने जीव लावून केलेलं काम हा टोपीवाला आपल्या नावावर मिटिंगमधे दाखवणार. मिटिंग साडेअकराला आहे असं तोच बोलला होता.

मी तीस स्लाइडवरचं नाव काढलं. एक सोडली.

सोडली तीसुद्धा निवडून. तेवीस नंबर सगळ्यात भारी होती. तीन नंबरच्या प्रेसचा फोटो: वजनाच्या खाली कोणाचा तरी हात, आणि जाळी बाजूला भिंतीवर खिळ्याला टांगलेली, जाळीला जेवणाच्या डब्याची पिशवी अडकवलेली. चोराला पकडायचं तर भारीतल्या मालावर. मी नाव बारीक केलं, रंग फिका राखाडी केला. आमच्या जुन्या स्क्रीनवर ते दिसत नव्हतं. मिटिंगच्या मोठ्या पडद्यावर बरोबर दिसलं असतं. मग बाकी सगळ्यांना मास्टरमधून दाहिने सज. चौहानजींनी भराभर बघितलं, बोलले, "बढ़िया. एकदम सीधी लाइन." माझ्यासमोर फाइल डिलीट करून घेतली आणि गेले.

नंबर मी आधीच हातावर पेनने लिहून ठेवला होता.

अकरा वाजता गोलू भिया आले. मी सगळं रंगवून सांगितलं, चौहानजींची नक्कल करून. भिया हसले, मग बोलले, "अपन को क्या करना यार. फाइल देख, आदमी मत देख." हा दुकानाचा नियम आहे. मी तो मोडून फोन लावला.

"हॅलो, रेखाताई सोनवणे का?"

"हो. कोण?"

"ताई, मी भंवरकुआंहून, कम्प्यूटरच्या दुकानातून बोलते. तुमच्या स्लाइड एक जण आपल्या नावावर करून राहिला आहे. पण टेन्शन नका घेऊ, मी एका स्लाइडवर तुमचं नाव वाचवलं आहे. सगळ्यांसमोर दिसेल बघा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"चौहान सर आले होते का?"

"हो! मतलब तुम्हाला माहीत आहे?"

"अगं बाई, मीच पाठवलं त्यांना. नाव काढून आणा म्हणून हात जोडले मी."

मी खुर्चीवर बसली होती, तरी बसल्यासारखं झालं.

ताईंनी भडाभड सांगितलं. त्या ठेक्यावर होत्या, तीन नंबरच्या प्रेसवर. आधी एकीने जाळीबद्दल सुपरवायझरला नुसतं तोंडी विचारलं, तर पुढच्या महिन्यात तिचं गेटचं कार्डच बनलं नाही, मतलब काम गेलं. म्हणून ताईंनी गुपचूप फोटो काढले आणि सेफ्टी बघणाऱ्या चौहान सरांना दिले. आज माल घेणाऱ्या कंपनीची बाहेरची माणसं येणार होती. त्यांच्यासमोर कारखान्याला नाही म्हणता आलं नसतं. सर दाखवणार होते, कोणी काढलं ते न सांगता.

"मग तुम्ही नाव टाकलंच कशाला, ताई?"

"आयटीआयला शिकवलं होतं ना, प्रत्येक पानावर नाव आणि नंबर. हाताला सवय. मोबाइलवर बनवलं, मग ते निघेच ना." आणि मग एकदम बारीक आवाजात, "किती नंबरवर सोडलंस?"

"तेवीस."

"अगं, तो तर माझाच हात आहे."

घड्याळात साडेअकरा व्हायला आले होते. भंवरकुआंहून सांवेर रोड म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं, गाडीला पंख लावले असते तरी पोचली नसती. चौहानजींचा नंबर ताईंनी दिला, तो बंद. मग कारखान्याच्या ऑफिसचा दिला. ताई स्वतः लावू शकत नव्हत्या, तिथे त्यांचा आवाज ओळखतात.

मी लावला. "चौहान सर मीटिंग में हैं, बाद में करिए." परत लावला. "मैडम, बोला न." भिया समोर उभे, चहा थंड.

तिसऱ्यांदा मी कुंटे बाईंच्या आवाजात लावला. कुंटे बाई आमच्या महूच्या शाळेत गणिताला होत्या. नाकातून बोलायच्या, हळू बोलायच्या, आणि त्यांच्यासमोर मुलांचे बापसुद्धा उभे राहायचे.

"चौहान को बुलाइए. अभी."

"जी... आप कौन?"

"ये आपका पूछने का समय है?"

"जी मैम. होल्ड करिए मैम."

अर्ध्या मिनिटात चौहानजी धापा टाकत आले. "हैलो?"

मी माझ्या आवाजात आली. "सर, मैं फुटरवाली. तेईस नंबर पे रेखाताई का नाम रह गया है."

"रह गया?"

खोटं बोलायला जागा होती. "छोड़ दिया था, सर. मैंने. मुझे लगा आप चोर हैं."

तिकडे दरवाजा लोटल्याचा आवाज आला.

"फाइल उनके लैपटॉप पे चढ़ गई है," ते बोलले. "पर्दे पर खुली है. सबके सामने बैठ के नाम मिटाऊँ?"

"कीबोर्ड किसके पास है?"

"मेरे."

"तो बाईस आ जाए तब कीबोर्ड पे चौबीस लिखना और एंटर मारना. सीधा चौबीस खुलेगा. तेईस आएगी ही नहीं."

"आपने नीचे इतने बढ़िया नंबर डाले हैं. बाईस के बाद चौबीस दिखेगा."

"फुटर कोई नहीं पढ़ता, सर."

हे मी बोलली. मी.

"और तीन नंबर का फोटो?" त्यांनी विचारलं. "वही तो दिखाने आया था मैं. वो एक ही जगह है."

मागून कोणीतरी त्यांना हाक मारली. फोन ठेवला गेला.

दीड वाजता, ड्यूटीला निघायच्या आधी, रेखाताईंचा फोन आला. सरांनी बावीसनंतर चोवीस लिहून एंटर दाबलं. कोणी काही विचारलं नाही, आणि उठताना सरांनी फाइल त्या लॅपटॉपमधूनसुद्धा काढली. बाहेरच्या लोकांनी तिथल्या तिथे सांगितलं, फोटोत दिसल्या त्या सगळ्या प्रेसना आठवड्याच्या आत जाळ्या लावा. मॅनेजरने लिस्ट लिहून घेतली. एक नंबर, दोन नंबर, चार, पाच, सहा.

"आणि तीन?"

"तीनचा फोटोच दाखवला नाही ना. ती पुढच्या मिटिंगला."

"मग तीनवर आज कोण आहे?"

"मीच. दुसरं कोण," ताई बोलल्या. रागवल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या बोलल्या, "चल, बस निघेल," आणि ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस मी कोणाची नक्कल केली नाही. गोलू भियांना वाटलं मला ताप आहे. गिऱ्हाईक आलं की मी पायाकडे न बघता काम करायची. आणि दुपारी दोन वाजले की डोक्यात यायचं, आता शिफ्ट लागली, आता हात आत गेला. मी शक केला नसता तर तिथे जाळी असती. हे मी कोणाला बोलली नाही. आज लिहून राहिली.

दीडेक महिन्याने एक बाई दुकानात आल्या. लहानशा चणीच्या, केस घट्ट बांधलेले, डाव्या मनगटाला रुमाल गुंडाळलेला. आवाज ऐकला आणि मी उभीच राहिली.

"तूच ना ती? वाटत नाहीस एवढी आगाऊ."

"ताई..."

"बस. परवा परत ते लोक येणार आहेत." त्यांनी मोबाइल पुढे केला. आठ स्लाइड, सगळ्या तीन नंबरच्या. जाळी अजून भिंतीवर, पिशवीसकट. "सरळ कर. आणि खाली फुटर टाक."

"काय टाकू? कंपनीचं नाव?"

"माझं टाक. रेखा सोनवणे, ऑपरेटर. मोबाइल नंबर नको, लोक फोन करतात."

मला हसायचं होतं, जमलं नाही. "ताई, पण कार्ड? तुम्हीच तर बोलल्या होत्या..."

त्यांनी रुमाल सोडला. मनगटावर एक निळी-काळी रेघ होती, गोल, बांगडीच्या मापाची. "हात काढायला जरा उशीर झाला. बांगडी आत राहिली, चपटी झाली. हात निघाला." त्यांनी रुमाल परत बांधला. "चौहान सर बोलले, या वेळी पण नाव काढून दाखवू. मी बोलली, नको. बिनानावाचा फोटो दाखवला की ते म्हणतात जुना असेल, दुसरीकडचा असेल. आता विचारू दे मला, समोर उभी राहते. ठेका काय, दुसरा मिळेल."

मी मास्टर उघडला. ओळ मधोमध बसवली, काळी, वाचता येईल एवढी मोठी. मग 'अप्लाय टू ऑल'वर आली आणि थांबली. ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोच रुमालवाला. बोलल्या, "दाब ना. प्रेस नाहीये ती."

मी दाबलं.

जाळी चौथ्या दिवशी लागली. चौहानजींनी फोटो पाठवला, या वेळी चक्क व्हॉट्सअॅपवर. खाली लिहिलं होतं, "फुटरवाली जी, सूचनार्थ." मी लगेच ताईंना फोन लावला. कार्ड बनलं का विचारलं. बनलं, बोलल्या, पण प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकलं.

माझे कान उभे राहिले. "मतलब शिक्षा केली? नाव टाकलं म्हणून? की सांभाळून घेतलं? पगार तोच आहे ना? कोणी सांगितलं पॅकिंगला जायला, मॅनेजर की सुपरवायझर? लिहून दिलं का?"

पलीकडे चिकटपट्टी ओढल्याचा चर्र आवाज आला.

"तू शक करत बस," रेखाताई बोलल्या. "माझे दोन्ही हात खोक्यात आहेत, फोन खांद्यावरून पडून राहिला. ठेव."